बेवारशी दांडीवरचा कोट

४ मे

ताई,

पोरगी पोचली. बसमधून उतरली तेव्हा डोळ्यांवर केस, पाठीवर पिशवी आणि तोंडाला कुलूप. मी लांबूनच ‘झिपरे’ म्हणून हाक मारली. लहानपणी मी या नावाने हाक मारली की ती खुदकन हसायची. आता सोळा वर्षांची बाई झाली आहे, नुसती मान हलवली.

तू बजावलंस की फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं, म्हणजे तिच्या नजरेस फोन पडणार नाही आणि आपली भांडणंही होणार नाहीत. दोन्ही कारणं पटली. आपण शेवटचं बोललो तेव्हा तू म्हणालीस की ज्यांना मूल नाही त्यांनी मुलांबद्दल तोंड उघडू नये. तेव्हापासून मी तोंड मिटून बसले, आणि आता तू सरळ मूलच पाठवून दिलंस. राग गेलेला नाही, पण तिच्यासमोर काढणार नाही. हे आपलं आधीच सांगून ठेवते.

चिकटपट्टीने गुंडाळलेला डबा मिळाला. तिचा फोन घरी ठेवला असता तर तिचे बाबा दोन दिवसांत विरघळून फोन परत देतील, हे तुझं म्हणणं शंभर टक्के खरं, भावजींना मी ओळखते. गंमत म्हणजे तो डबा पोरीने स्वतःच्या मांडीवर धरून आणला आणि माझ्या हातात दिला. एक टोकही उचकटलेलं नव्हतं. फोन मी अशा जागी ठेवला आहे की तिच्या स्वप्नातही येणार नाही. जागा इथे लिहीत नाही, कारण पत्र टपालात टाकायला तीच जाणार आहे.

मात्र तुझं दुसरं काम माझ्याच्याने होणार नाही. तिला गोड बोलून पासवर्ड काढायचा आणि ती पहाटेपर्यंत त्यात काय बघत असते ते वाचून तुला कळवायचं, असं तू लिहितेस. आपल्या लाँड्रीचा नियम तू विसरलीस का? कपडा घेताना खिसे रिकामे करायचे, निघेल ते पाकिटात घालून त्यावर बिल्ल्याचा नंबर टाकायचा. चिठ्ठी निघाली तर घडी उघडायची नाही. बाबांनी या एका गोष्टीवरून कामावरच्या माणसाला घरी पाठवलं होतं. मी तुझ्याइतकीच भोचक आहे, मला काही साधुसंत समजू नकोस, पण इतक्या वर्षांत हाताला सवय लागली आहे. तो फोन माझ्या लेखी खिशातून निघालेली वस्तू आहे.

बाकी बंदीच्या बाबतीत मी तुझ्याच बाजूची आहे. काउंटरवर पोरं येतात ती मान खाली घालून, बिल्ला पुढे करतात, कपडे घेतात आणि मी बाई आहे की खांब हे न बघता जातात. सगळ्यांचेच फोन काढून घ्यावेत असं मला रोज संध्याकाळी वाटतं.

रात्री जेवताना ती एकच वाक्य बोलली. ‘मावशी, शाळा सुरू झाली तरी मी परत जाणार नाही.’ मी म्हटलं, आधी आमटी वाढून घे. तू तिला सुट्टी संपायच्या आत माणसात आणून द्यायला सांगितलं आहेस. बघू, आज तर पहिलाच दिवस आहे.

तुझी,
धाकटी

९ मे

ताई,

गुण आला. एवढ्या लवकर येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आला.

पहिले दोन दिवस खोलीत पडून होती. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, चल दुकानात, नुसती बसून राहिलीस तर मी तुलाच इस्त्री करेन. आली. आता बिल्ले लावते, खिसे तपासते, कपड्यावर डाग कुठे आहे तिथे खडूने खूण करते. मागची खोली तर तिने स्वतःहून झाडायला घेतली. बॉयलरच्या शेजारी, जिथे उकाड्याने कोणी दोन मिनिटं उभं राहत नाही, तिथे ही तासन् तास झाडत असते. तिथेच आपली ती दांडी आहे, लोक धुवायला टाकून गेले आणि न्यायला आलेच नाहीत अशा कपड्यांची. इस्त्रीवाले काका तिला बेवारशी दांडी म्हणतात. झिपरीने त्या सगळ्या कपड्यांवरची धूळसुद्धा झटकली. काका मला म्हणाले, ‘पोरगी कामाची आहे हो, उगाच बदनाम केली तिला.’

तेव्हा तुझं बरोबर होतं, हे मी लिहून देते आहे. हा कागद जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही. फोन गेला की मूल जागेवर येतं.

एक गोष्ट मात्र सांगते आणि हसू नकोस. तिच्यासमोर मीही फोन वापरायचा नाही असं तू म्हणालीस, मी हो म्हटलं, त्यात काय मोठंसं. ताई, माझे हाल चालले आहेत. हात सारखा एप्रनच्या खिशाकडे जातो. दुपारी मी ‘बॉयलर बघून येते’ म्हणते आणि जिन्याखाली उभी राहून गालिचे धुण्याचे व्हिडिओ बघते. दिवसभर लोकांचे कपडे धुवायचे आणि विसाव्याला कोणीतरी दुसरा गालिचा धुतो ते बघायचं. काल काकांनी पकडलं. म्हणाले, ‘बाई, बंदी नक्की कोणावर आहे?’

ती अजून फार बोलत नाही. तुझा विषय काढला की उठून जाते. पण चेहऱ्यावर तकाकी आहे, आणि मला तेवढं पुरे.

तुझी,
धाकटी

१५ मे

ताई,

तुझं पत्र मिळालं. फोन उघडून देणारा कारागीर तुला सापडला आहे, तेव्हा फोन पार्सलने लगेच पाठवून दे, असं लिहिलंस. लगेच जमणार नाही. लग्नाच्या पोशाखांचे ढीग पडले आहेत, पोस्टात जायला सवड नाही. फोन सुरक्षित आहे. म्हणजे सुरक्षित असावाच. तू काळजी करू नकोस.

झिपरीचं मागच्या पत्रात जे लिहिलं ते मागे घेते. चार दिवस झाले, पोरगी भिरभिरते आहे. एकच सदरा दोनदा मशीनमध्ये टाकला. एका गिऱ्हाइकाने पावती विचारली तर त्याच्यावर खेकसली. घरी आली की दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालते. काल म्हणाली, ‘मावशी, मला हाताला काहीतरी काम दे, काहीही दे.’ मी बटणांचा डबा दिला, रंगाप्रमाणे वेगळी करायला. तिने केली, मग पुन्हा एकत्र ओतली आणि पुन्हा वेगळी करायला बसली. हे तुझ्या बंदीमुळे आहे का, मग पहिल्या आठवड्यात ती एवढी शहाण्यासारखी का वागत होती, मला काही कळत नाही.

माझंही मन थाऱ्यावर नाही. कारण विचारू नकोस. हे पत्र मी स्वतः टपालात टाकणार आहे.

धाकटी

२० मे

ताई,

सवड नाही ही थाप होती. तू ओळखलंच असशील, लहानपणीही मी थाप मारली की कारणं लांबलचक द्यायची. तर ऐक.

तुझ्या मुलीचा फोन मी बेवारशी दांडीवरच्या एका कोटाच्या खिशात ठेवला होता. राखाडी, लोकरी, गुडघ्यापर्यंत येणारा कोट. बाबा होते तेव्हापासून तो तिथे लोंबतो आहे. त्याचा मालक मेला असावा असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. म्हटलं, सगळ्या दुकानात याच्याइतकी निर्धास्त जागा नाही.

मालक मेला नव्हता. अकरा तारखेला मी पडद्यांची मापं घ्यायला बाहेर गेले होते, काका जेवायला गेले होते आणि काउंटरवर झिपरी एकटी होती. भर उन्हाळ्यात एक म्हातारे गृहस्थ आले, पिवळी पडलेली पावती पुढे केली आणि कोट मागितला. पोरीने दांडीवरून काढला, कागदात गुंडाळला आणि देऊन टाकला. संध्याकाळी मला मोठ्या कौतुकाने म्हणाली, ‘एक बेवारशी कमी झाला.’ मी दांडीकडे धावले, कोट नव्हता. धुतलेला कपडा परत देताना खिसे कोण तपासतो? खिसे आपण घेताना तपासतो. अशी चूक करायला माणूस लाँड्रीवालीच असावी लागते.

तेव्हापासून मी त्या माणसाला शोधते आहे. पावतीवरच्या पत्त्यावर गेले, तिथे आता दातांचा दवाखाना आहे. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, ते कधीच दुसरीकडे राहायला गेले. मी जाईन तिथे विचारते, घरी येते, तुझ्या मुलीकडे बघते आणि ताट तसंच सारते. तिने डबा न उघडता माझ्या हातात दिला होता. मी तो हरवला असं तिला कळलं तर तिला वाटेल, दोघी बहिणींनी मिळून ठरवून केलं. मग ती माझ्याशीही बोलणार नाही, आणि तुझ्याकडे परत जायचा प्रश्नच मिटला.

आज त्या गृहस्थांच्या पुतण्याचा नंबर मिळाला आणि त्याच्याकडून त्यांचा. ते मुलाकडे राहायला गेले आहेत, बर्फ पडणाऱ्या मुलखात, समुद्रापलीकडे. मी फोन लावला, माफी मागितली, म्हटलं तुमच्या कोटाच्या खिशात आमची एक वस्तू चुकून गेली आहे.

ते म्हणाले, ‘चुकून कशी? तुमच्या मुलीने मला सांगूनच दिली की. म्हणाली, आजोबा, उजव्या खिशात एक फोन आहे, तो असू द्या. कोणी मागितला तरी परत पाठवू नका. मला वाटलं थट्टा करते आहे. मग विमानात खिशात हात घातला तर खरंच फोन.’

ताई, मी त्यांचे आभार मानले आणि रिसीव्हर ठेवला. ती आता मागे चादरी मोजते आहे. हे पत्र बंद करते आणि तिच्याकडे जाते.

धाकटी

२१ मे

ताई,

बसून वाच. घाईत वाचू नकोस आणि मधेच फाडू नकोस.

मी तिला विचारलं. वाटलं होतं रडेल किंवा ओरडेल, पण ती बादली पालथी घालून बसली आणि सगळं सांगितलं. माझ्या वीस प्रश्नांना जिने कधी धड उत्तर दिलं नाही ती एकटी बोलत होती आणि मी ऐकत होते.

फोन कुठे आहे ते तिला दुकानात आली त्याच दिवशी कळलं होतं. सगळे कपडे सरळ लोंबतात आणि एकच कोट एका बाजूने ओढल्यासारखा दिसतो, हे बघायला काही फार अक्कल लागत नाही, असं मला ऐकवलं. मी जिन्याखाली गालिचे बघत असायची तेव्हा ही बॉयलरच्या प्लगला फोन लावून स्वतःचं काहीतरी बघत असायची. म्हणजे ज्या आठवड्यात मी तुला ‘गुण आला’ असं लिहिलं त्या आठवड्यात बंदी नव्हतीच. आणि ज्या आठवड्यात ती सैरभैर झाली तेव्हा फोन खरोखर गेला होता, तोही तिने स्वतः घालवलेला. आपण दोघी किती शहाण्या ते बघ.

मी म्हटलं, अगं, मग दिलास कशाला? ती म्हणाली, ‘तो तिथे होता तोवर मी दर थोड्या वेळाने जाऊन बघायचेच. मजा म्हणून नाही, मावशी. वर्गाच्या ग्रुपवर माझ्याबद्दल काय चाललंय ते बघायला. आईने फोन काढून घेतला म्हणून ते बोलायचे थांबत नाहीत, फक्त मला ऐकू येत नाही. आणि ऐकू येत नाही ते जास्त वाईट असतं. म्हणून रात्रभर बघायचे. मग ते आजोबा म्हणाले की मी आता परत येणार नाही, मुलाकडेच राहणार. मला वाटलं, हाच चान्स आहे.’

काय बोलतात, असं मी विचारलं. मग तिने माझा फोन मागितला, तुझं फेसबुकवरचं पान उघडलं आणि मला दाखवलं.

ताई, तो व्हिडिओ तू टाकला आहेस. ती नव्या शाळेत जायची होती तेव्हाचा. कपाटाच्या आरशासमोर उभी राहून ती सराव करते आहे. ‘हाय, मी नवीन आहे. इथे कोणी बसलंय का?’ एकदा हसून म्हणते, एकदा गंभीरपणे म्हणते, मग केस मागे सारते आणि पुन्हा म्हणते. तू दाराच्या फटीतून घेतलास. वर लिहिलंस, ‘आमच्या बाईसाहेबांची तालीम’. खाली सगळ्या नातेवाइकांचे हसरे चेहरे आहेत, माझाही आहे. तेव्हा आपण बोलत नव्हतो तरी मी टाकला होता, इतका मला तो गोड वाटला होता.

वर्गातल्या कोणाच्या तरी आईने तो बघितला, मग त्या मुलीने, मग सगळ्यांनी. शाळेच्या पहिल्या आठवड्यापासून ती बाकापाशी गेली की मागून कोणीतरी तिच्याच आवाजात विचारतं, ‘इथे कोणी बसलंय का?’ डबा खायला गेली तरी तेच. ग्रुपवर त्याची गाणी केली आहेत. तिने बोलणंच सोडलं, कारण तोंड उघडलं की ते वाक्य परत येतं. आणि आपण समजलो, पोर फोनमुळे मुकी झाली.

मी चिडले. म्हटलं, आईला का नाही सांगितलंस? मी आत्ता लिहिते तिला. तर माझा हात धरून म्हणाली, ‘नको सांगूस. आई तो रोज बघते. मी घरी बोलत नाही ना आता, म्हणून ती रात्री स्वयंपाकघरात बसून तोच बघते. मला भिंतीपलीकडून माझा आवाज ऐकू येतो.’

मला ती सांगू नकोस म्हणाली आणि मी तुला सांगते आहे. ती माझ्यावर चिडली तर चिडू दे.

बंदीने फायदा होतो का, हे तू मला मेच्या सुरुवातीला विचारलं असतंस तर मी टेबलावर हात आपटून हो म्हटलं असतं. आज विचारशील तर, फोन गेल्यावर चार-पाच दिवस तिचे फार वाईट गेले आणि आता ती रात्री झोपते. तेवढं तुझं खरंच बरोबर होतं. पण तिने तो स्वतःच्या हाताने दिला तेव्हा सुटला, तू डब्यात भरून पाठवलास तेव्हा नाही. आणि त्या मुलांचे सगळ्यांचे फोन काढून घेतले तरी तिच्या मागे जे वाक्य लागलं आहे ते फोनमध्ये कुठे आहे? ते आता त्यांच्या तोंडात आहे. ते काढायला शाळेत जाऊन कोणीतरी मोठ्या माणसाने बसलं पाहिजे, आणि ती आई असली तर उत्तम.

त्याच्या आधी तो व्हिडिओ तुझ्या पानावरून काढून टाक. मला माहीत आहे मी काय मागते आहे. दुसऱ्या कोणाला हे काहीच वाटणार नाही, एक बटण दाबायचं. तरी काढ.

मुलं नसलेल्या बाईने तोंड उघडलं आहे. हवं तेवढं रागाव.

तुझी,
धाकटी

३१ मे

ताई,

तुझं पत्र नाही, निरोप नाही. आठ दिवस मी टपालवाल्याच्या सायकलकडे बघून काढले. माझा फोन मी काकांच्या ताब्यात दिला होता, नाहीतर दर पाच मिनिटांनी तुझं पान उघडत बसले असते. काका तो इस्त्रीच्या टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवायचे आणि सकाळी एकदाच द्यायचे. आज सकाळी उघडलं तर व्हिडिओ गेलेला होता. मी तीनदा वर-खाली करून खात्री केली.

ती आणि मी तेव्हा मोठ्या चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. चादर ताणलेली असली की समोरच्याला सोडून जाता येत नाही, म्हणून मी मुद्दाम तेव्हाच बोलले. म्हटलं, ‘मी आईला सांगितलं. तू नको म्हणालीस तरी सांगितलं. आणि तिने तो व्हिडिओ काढून टाकला.’

ती माझ्यावर चिडली नाही. चादर घेऊन माझ्यापर्यंत आली, टोकं जुळवली, पुन्हा मागे गेली. ‘नक्की आईनेच काढला?’ मी म्हटलं, हो, दुसरं कोण काढणार. आणखी दोन चादरी झाल्या. ती एकसारखी नाक ओढत होती आणि मी न बघितल्यासारखं करत होते. मग म्हणाली, ‘मी घरी जाईन. त्या वर्गात नाही जाणार, पण घरी जाईन.’ शाळेचं काय करायचं ते तुम्ही दोघी ठरवा. वर्ग बदलायचा, शाळा बदलायची की वर्गाच्या बाईंसमोर जाऊन बसायचं, यात मी पडत नाही.

मी आनंदाने चादर सोडलीच, खाली पडली, परत धुवावी लागणार आहे. ती उचलायला मी वाकले तेव्हा वरून तिचा आवाज आला. ‘पण मावशी, मग आई आता रात्री काय बघणार?’

ताई, मी म्हटलं, हे आईलाच विचार. तू उत्तर पत्रात लिहून पाठवू नकोस. पहिली मिळेल ती गाडी पकड आणि ये, ती दुकानात आहे आणि दिवसभर बोलते आहे.

धाकटी